तीन हजार तासांचा हिशोब : कॅलिफोर्नियात थेरपिस्टचं लायसन्स काढताना

पुण्यात मी एका शाळेत समुपदेशक होते. मानसशास्त्रात एम.ए., वर एक डिप्लोमा, आणि खोलीच्या दारावर नावाची पाटी. लायसन्स आहे का, असं मला एकाही पालकानं कधी विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लोकांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, पण आमच्यासारख्या समुपदेशकांसाठी तेव्हा कुठलंच रजिस्टर नव्हतं. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा २०२१ साली झाला आणि त्याच्या यादीत समुपदेशक आले. तोवर मी देश सोडून चार वर्षं झाली होती.

जून २०२५ मध्ये मला कॅलिफोर्निया राज्याचं एलएमएफटी, म्हणजे विवाह आणि कुटुंब थेरपिस्टचं लायसन्स मिळालं. मंडळात, वॉकला, भारतीय किराणा दुकानाच्या रांगेत मला सारखं विचारलं जातं, 'तू हे कसं केलंस, मी पण तिकडे कौन्सेलिंगच करत होते.' विचारणाऱ्या बहुतेक एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आलेल्या बायका. प्रत्येकीला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. एक गोष्ट आधीच सांगते. यात अभ्यास फारसा अवघड नाही. देखरेखीखाली केलेल्या कामाचे तीन हजार तास भरणं, ते योग्य प्रकारचे भरणं आणि त्यांवर योग्य माणसाची सही वेळेत घेणं, वर्षं जातात ती यात.

मी २०१७ साली सॅन होजेला आले. कुठल्या दारातून आत शिरायचं हे कळायलाच काही महिने गेले. 'सायकॉलॉजिस्ट' हा शब्द इथे सहज वापरता येत नाही. त्याचं बोर्ड वेगळं आणि त्यासाठी डॉक्टरेट लागते. मास्टर्सवाल्यांचं बोर्ड म्हणजे बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस, ज्याला सगळे बीबीएस म्हणतात. ते चार प्रकारची लायसन्स देतं : विवाह-कुटुंब थेरपिस्ट, क्लिनिकल सोशल वर्कर, प्रोफेशनल क्लिनिकल कौन्सेलर आणि एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट. पुण्यातल्या कामाशी नावानं जवळचं म्हणजे क्लिनिकल कौन्सेलरचं. पण त्या लायसन्सवर जोडप्यांना आणि कुटुंबांना बघायचं तर जादा प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि आपल्या लोकांमध्ये काम करायचं तर जोडपी आणि कुटुंबं टाळून कसं चालेल? म्हणून मी विवाह-कुटुंबाचा मार्ग धरला. हे लायसन्स अमेरिकेत सर्वांत आधी कॅलिफोर्नियानंच १९६३ साली सुरू केलं, त्यामुळे इथे त्याला चांगला मान आहे.

मग आली भारतातली पदवी. परदेशी पदवीचं मूल्यमापन नेसेस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून करून घ्यावं लागतं. त्यासाठी विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रकं हवीत. माझा भाऊ त्यासाठी पावसाळाभर खिडकी क्रमांक अमुकवरून खिडकी क्रमांक तमुकवर फिरला. तिथल्या कारकूनबाईंना 'पाकिटाच्या तोंडावर शिक्का हवा' हे पटवून देण्यात त्याचं बरंच वक्तृत्व खर्ची पडलं. तुमचं कुणी तिकडे जाणार असेल तर दोनच्या जागी चार पाकिटं मागून घ्या, पुढे विद्यापीठाच्या प्रवेशालाही ती लागतात.

मूल्यमापन चांगलं आलं, पण बोर्डाला नुसती बरोबरीची पदवी पुरत नाही. एकाच अभ्यासक्रमात ६० सेमिस्टर युनिट्स हवीत, त्यातली किमान सहा प्रॅक्टिकमची, म्हणजे शिकताना केलेल्या प्रत्यक्ष कामाची, प्रॅक्टिकममध्ये २२५ तास, त्यातले किमान १५० समोरासमोरच्या समुपदेशनाचे, शिवाय कॅलिफोर्नियाचे कायदे, बालअत्याचार, व्यसनाधीनता, जोडीदाराकडून होणारी हिंसा, वृद्धत्व असे नेमून दिलेले विषय. माझ्या एम.ए.त फ्रॉइडपासून सांख्यिकीपर्यंत सगळं होतं, हे नव्हतं. म्हणजे पुन्हा मास्टर्स. घरी फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'अगं, नुसतं बोलायचं तर असतं, त्यालाही लायसन?' त्या चिडल्या नव्हत्या, त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

एच-फोरवर शिकता येतं, त्यासाठी एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. कामाच्या वेगळ्या परवानापत्राशिवाय कमावता मात्र येत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मी प्रवेश घेतला आणि तीन वर्षांच्या वेळापत्रकानं चालले, कारण मुलगी लहान होती. कॉलेज निवडताना एकच पाहा, अभ्यासक्रम बोर्डाच्या अटी पूर्ण करतो असं त्यांनी स्पष्ट लिहिलेलं आहे का. दुसऱ्या राज्यातल्या ऑनलाइन पदव्या स्वस्त दिसतात, पण त्यांत एखादा कॅलिफोर्नियाचा विषय राहून गेला की तो नंतर शोधून वेगळा करावा लागतो.

प्रॅक्टिकम सुरू झालं २०२० मध्ये, म्हणजे सगळं व्हिडिओवर. आमच्या दोन खोल्यांच्या घरात दार बंद होईल अशी एकच जागा होती, कपड्यांचं कपाट. आत एक खुर्ची मावायची. पाठीमागे नवऱ्याची जॅकेटं आणि माझ्या साड्या. क्लायंटला दिसू नयेत म्हणून पांढरी चादर टांगली होती. प्रॅक्टिकम बिनपगारी होतं आणि बहुतेक ठिकाणी ते तसंच असतं. ही पदवी मिळण्याआधीच्या तासांतले जास्तीत जास्त १३०० पुढे धरले जातात, त्यातही समुपदेशन आणि प्रत्यक्ष सुपरव्हिजन, म्हणजे देखरेख करणाऱ्या थेरपिस्टबरोबर आपल्या कामावर बोलणं, मिळून ७५० च्या वर नाही. शिकताना क्लायंटबरोबरच्या दर पाच तासांमागे सरासरी सुपरव्हिजनचं एक युनिट लागतं, एक युनिट म्हणजे एक तास एकट्यानं किंवा दोन तास गटात. ज्या आठवड्यात सुपरव्हिजन झालंच नाही त्या आठवड्याचे तास वाया जातात. त्यामुळे सुपरव्हायझर सुट्टीवर जाणार असेल तर ते आधी विचारून ठेवायचं.

मे २०२१ मध्ये पदवी हातात आली आणि नव्वद दिवसांचं घड्याळ सुरू झालं. पदवी मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत असोसिएट, म्हणजे लायसन्सआधी देखरेखीखाली काम करणारी थेरपिस्ट, म्हणून नोंदणीचा अर्ज बोर्डाकडे पोचला, तर नंबर येण्याआधी काम केलेले तासही धरले जातात. अट अशी की काम सुरू करण्याआधी लाइव्ह स्कॅन, म्हणजे बोटांचे ठसे झालेले असावेत, आणि नोकरी देणाऱ्याकडे त्याचा पुरावा असावा. लाइव्ह स्कॅन आमच्या इथे कुरियरच्या एका दुकानात होतं. राज्याचे ३२ आणि एफबीआयचे १७ डॉलर ठरलेले, दुकानदार ठसे घेण्याचे त्याचे पैसे वेगळे घेतो. माझे ठसे मशीनवर उमटेनात. दुकानदारानं बोटांकडे पाहून विचारलं, 'घरी भांडी हातानं घासता का?' मग त्यानं क्रीम दिलं आणि पुन्हा घेतले. ठसे पुसट असले तर ते परत येऊ शकतात आणि सगळं नव्यानं करावं लागतं, तेव्हा आधीचे काही दिवस हातांना खोबरेल लावा. फॉर्मची प्रत जपून ठेवा.

नोंदणीची फी १५० डॉलर. अर्ज जूनमध्ये पाठवला, नंबर ऑगस्टच्या अखेरीस आला. जुलैपासून मी सॅन होजेच्या पूर्व भागातल्या एका ना-नफा केंद्रात रुजू झाले होते आणि ते सगळे तास धरले गेले. असोसिएटला स्वतःचा धंदा करता येत नाही, क्लायंटकडून थेट पैसे घेता येत नाहीत. नोकर म्हणून किंवा स्वयंसेवक म्हणूनच काम करायचं. 'तुम्हाला कंत्राटावर घेतो, कर तुमचा तुम्ही भरा' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे निघून यायचं, ते तास बोर्ड धरत नाही. कुठेही नाव छापलं तर पूर्ण पदनाम लिहायचं आणि आपण कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करतो हे सांगायचं.

आता हिशोब. एकूण ३००० तास, किमान १०४ आठवड्यांत. सात दिवसांत ४० च्या वर धरत नाहीत. त्यातले किमान १७५० प्रत्यक्ष समुपदेशनाचे आणि या १७५० मधले ५०० जोडपी, कुटुंबं किंवा मुलं यांच्याबरोबरचे. उरलेले जास्तीत जास्त १२५० म्हणजे सुपरव्हिजन, नोंदी लिहिणं, कार्यशाळा वगैरे. सर्वसाधारणपणे अर्जाच्या तारखेआधी सहा वर्षांच्या आतलेच तास चालतात. क्लायंट आलाच नाही तर तुम्ही पन्नास मिनिटं खुर्चीत बसलात याला समुपदेशन म्हणत नाहीत. आमच्या केंद्रात पाऊस पडला की निम्मे लोक यायचे नाहीत, बस बदलून येणारी माणसं ती. सुरुवातीला मला त्यांची काळजी वाटायची, दुसऱ्या वर्षी काळजीबरोबर तासही डोळ्यांपुढे यायला लागले. ते मला आवडत नव्हतं, पण यायचे.

दर आठवड्याच्या तासांची नोंद एका तक्त्यात करायची आणि त्यावर सुपरव्हायझरची सही. हे तक्ते अर्जाबरोबर पाठवायचे नसतात, बोर्डानं मागितले तरच दाखवायचे. म्हणून बरेच जण आळस करतात. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखं आहे हे, त्या दिवशी लिहिलं तर खरं, नंतर आठवून लिहिलं तर भांडण. मी शुक्रवारी संध्याकाळी सही झाल्याशिवाय लॅपटॉप बंद करत नसे.

सुपरव्हिजनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते कुठल्या पुस्तिकेत सापडणार नाही. कुठल्याही क्लायंटची गोष्ट इथे येणार नाही. पण केंद्रात मराठी-हिंदी बोलणारी मी एकटीच, त्यामुळे तसे लोक माझ्याकडे येत. सत्र मराठीत, नोंदी इंग्रजीत, आणि सुपरव्हायझरना मराठीचा गंध नाही. इतर असोसिएट्सची रेकॉर्डिंग त्या बसून ऐकायच्या. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांना फक्त सूर कळायचा. त्यातूनही त्या नेमकं पकडायच्या, 'इथे तुझा आवाज एकदम बारीक का झाला?' आणि मी बघायचे तर समोरचे काका वडिलांच्या वयाचे होते आणि मी नकळत सुनेसारखी बोलत होते. हे त्यांच्याशिवाय मला कुणी सांगितलं नसतं.

उलट बाजूनं, एकत्र राहण्याबद्दल मला त्यांना सांगावं लागलं. सासू-सासरे भारतातून व्हिजिटर व्हिसावर येतात, सहा महिने त्याच घरात राहतात, आणि त्यांना परत जा म्हणता येत नाही, म्हणायची इच्छाही नसते. 'सीमा आखायला शिकव' हा सल्ला या घरात तसाच्या तसा चालत नाही. सीमा कुठे आणि कुणाच्या तोंडून आखायची, हे आधी पाहावं लागतं. बाईंनी ते ऐकून घेतलं, नंतर स्वतःच्या दुसऱ्या केसमध्ये वापरलंही. चांगला सुपरव्हायझर मिळणं यात नशिबाचा भाग आहे, पण मुलाखतीत आपणही प्रश्न विचारू शकतो. माझा प्रश्न असायचा, 'तुम्हाला न कळणाऱ्या भाषेतलं सत्र तुम्ही कसं तपासाल?' उत्तराला किती वेळ लागतो त्यावरून बरंच कळतं.

आणि मग २०२२ च्या सुरुवातीला काम थांबलं. कारण मानसशास्त्राचं नव्हतंच. एच-फोरवाल्यांना, जोडीदाराची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेली याचिका, मंजूर असेल तर, २०१५ पासून कामाचं परवानापत्र मिळतं. ते मला मिळालं होतं, पण त्याची मुदत नवऱ्याच्या व्हिसाच्या मुदतीला बांधलेली. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत गेला होता. आदल्या नोव्हेंबरात एका न्यायालयीन तडजोडीमुळे आमच्यासारख्यांना मुदत आपोआप वाढवून मिळायला लागली होती (ही सोय २०२५ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली), फक्त त्यासाठी आय-९४ ची, म्हणजे देशात राहण्याच्या मुदतीच्या नोंदीची, तारीख शिल्लक लागायची. माझं आय-९४ आणि परवानापत्र एकाच दिवशी संपत होतं. त्या वर्षी ही कामं फार रखडली होती. एचआरच्या बाईंनी हळहळून सांगितलं की मुदत संपल्यावर एक दिवसही तुम्हाला काम देता येणार नाही.

मला नोकरीपेक्षा क्लायंटची चिंता जास्त. मध्येच सोडून जाण्यालाही नियम आहेत, माणसाला वाऱ्यावर टाकता येत नाही. हातात महिनाभर होता. कुणाला कुणाकडे सोपवायचं याची यादी केली, प्रत्येकाशी दोन-तीन सत्रांत निरोप घेतला. 'तुम्ही परत येणार का?' याचं उत्तर 'माहीत नाही' एवढंच देता येत होतं. व्हिसाचं कारण सांगायचं का, यावर सुपरव्हिजनमध्ये बराच खल झाला. शेवटी ठरलं की 'कागदपत्रांमुळे' एवढंच सांगायचं, कारण पुढचं सांगितलं की समोरचा माणूस माझी समजूत काढायला लागतो. काहींनी तरी काढलीच. आमच्या केंद्रात येणाऱ्यांना कागदपत्रं म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नव्हतं.

चारेक महिने मी घरी होते. तास शून्य, पण असोसिएटची मुदत चालूच राहते. नोंदणी वर्षाला संपते, १५० डॉलर भरून ती पाच वेळा वाढवता येते. म्हणजे एका नंबरावर सहा वर्षं. नंतर नवा नंबर घ्यावा लागतो आणि त्या नंबरावर खासगी प्रॅक्टिसमध्ये काम करता येत नाही. तुमच्या कामात खंड पडण्याची शक्यता असेल तर हे गणित पहिल्याच दिवशी मांडा, आणि नोंदणीचं नूतनीकरण मात्र चुकवू नका.

त्या रिकाम्या महिन्यांत मी कायदा आणि नीतीची परीक्षा उरकली. फी १५० डॉलर, ७५ प्रश्न, ९० मिनिटं. असोसिएट झाल्यावर ती लगेच देता येते, आणि पास होईपर्यंत दर वर्षीच्या मुदतीत एकदा द्यावीच लागते. नापास झालं तर ९० दिवस थांबायचं. इंग्रजी दुसरी भाषा असलेल्यांना दीडपट वेळ मिळू शकतो, पण त्याच्या अटी आहेत आणि अर्ज आधीच करावा लागतो.

या अभ्यासानं मला बदललं, मास्टर्सनं बदललं त्याहून जास्त. बालअत्याचाराचा वाजवी संशय आला की लगेच फोन आणि ३६ तासांत लेखी अहवाल. पुरावा शोधणं आपलं काम नाही, घरच्यांना विचारून मग कळवू असंही नाही. पुण्यातल्या शाळेत आम्ही अशा वेळी आधी मुख्याध्यापकांना भेटायचो, मग पालकांना बोलवायचो. इथे फोन मीच करायचा, वरिष्ठाला सांगून माझी जबाबदारी संपत नाही. पुस्तकातले प्रश्न सोडवताना माझ्या लहानपणची अर्धी बिल्डिंग डोळ्यांपुढून गेली.

टॅरासॉफचा खटला तर प्रत्येकाला पाठ असतो. १९६९ साली बर्कलीत भारतातून आलेल्या एका विद्यार्थ्यानं विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात सांगितलं की तो एका मुलीला मारणार आहे. थेरपिस्टनं कॅम्पसच्या पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्याला धरलं, डोकं ठिकाणावर वाटलं म्हणून सोडून दिलं. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच काही सांगितलं नाही, आणि ऑक्टोबरमध्ये त्यानं तातियाना टॅरासॉफचा खून केला. तिच्या आईवडिलांनी खटला भरला. १९७६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की धोक्यात असलेल्या व्यक्तीचं रक्षण करणं ही थेरपिस्टची जबाबदारी आहे. आज कॅलिफोर्नियात अशी धमकी ऐकली की त्या व्यक्तीला आणि पोलिसांना, दोघांनाही कळवण्याचा प्रयत्न करायचा असतो. आमच्या घरापासून बर्कली तासाभराच्या अंतरावर आहे. मी तो खटला वाचत होते तेव्हा डोक्यात मुलीइतकाच तो मुलगाही होता. एकटा, परक्या देशात, कुणाची मैत्री कशी समजायची ते न कळलेला. परीक्षेत याला गुण नाहीत.

परीक्षेचं तंत्र सांगायचं तर एवढंच, प्रश्न कायद्याचा आहे की नीतीचा हे आधी ओळखा. कायदा विचारला असेल तर चांगुलपणाचं उत्तर चुकीचं असतं. निकाल लगेच कळतो, पास झालात तर गुण सांगत नाहीत.

उन्हाळ्यात परवानापत्र आलं, मी परत रुजू झाले. आता अडचण दुसरी. केंद्रात येणारे बहुतेक एकटे प्रौढ. एकूण तास भराभर वाढत होते आणि त्या ५०० चा आकडा जागचा हलत नव्हता. दर तीन महिन्यांनी मी रकाने वेगवेगळे मोजत होते म्हणून हे वेळेत दिसलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शाळांमधून काम करणाऱ्या एका कार्यक्रमात गेले. मुलं, त्यांचे पालक, कधी आजी. पगार थोडा कमी, पण वर्षभरात तो रकाना भरला. तुम्ही सुरुवातीपासूनच आठवड्यातून एक दिवस मुलांच्या किंवा जोडप्यांच्या ठिकाणी मिळवू शकलात तर नोकरी बदलावी लागणार नाही.

पहिल्या केंद्रातल्या माझ्या दुसऱ्या सुपरव्हायझर मधल्या काळात राज्य सोडून गेल्या होत्या. अनुभवाच्या दाखल्यावर त्यांची सही हवी होती. ईमेल, फोन, ओळखीच्यांमार्फत निरोप, सगळं केलं. सही आली, पण तोवर दोन महिने झोप उडाली होती. म्हणून सांगते, ज्या दिवशी नोकरी किंवा सुपरव्हायझर बदलेल, त्याच आठवड्यात तोवरच्या तासांचा दाखला सही करून हातात घ्या. 'लागेल तेव्हा देईन' यावर थांबू नका, माणूस कितीही भला असो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये लायसन्सचा अर्ज पाठवला, २५० डॉलर. मग वाट. बोर्डाच्या वेबसाइटवर सध्या कुठल्या तारखेचे अर्ज हातात घेतलेत ते लिहिलेलं असतं. मी ते पान सकाळी चहाआधी बघायचे आणि नवऱ्यानं अखेर माझ्या फोनवरचा तो बुकमार्क काढून टाकला. फेब्रुवारीत मंजुरी आली. क्लिनिकल परीक्षेचे आणखी २५० डॉलर, १७० प्रश्न, चार तास. तयारीच्या कोर्सचे पैसे वेगळे, ते मी मैत्रिणीबरोबर वाटून घेतले नाहीत कारण परवानगी नसते, पण प्रश्न मोठ्यानं वाचून चर्चा करायला दोघी बसायचो. या परीक्षेत सगळी उत्तरं बरीच बरोबर दिसतात आणि 'आधी काय कराल' हे ओळखायचं असतं. तासाभरानं डोळे ओढायला लागतात, स्वेटर घेऊन जा, एसी कडक असतो. मे महिन्यात पास झाले, २०० डॉलर भरून लायसन्स मागितलं आणि जूनमध्ये बोर्डाच्या यादीत नंबर दिसला. मी तो आईला पाठवला. तिनं विचारलं, 'आता तरी रविवारी सुट्टी का?'

लायसन्स आल्यानंतरच्या दोन गोष्टी. हे लायसन्स कॅलिफोर्नियाच्या हद्दीत चालतं. क्लायंट टेक्सासला नोकरीला गेली की व्हिडिओवरसुद्धा तिला बघता येत नाही, तिकडचं लायसन्स लागतं. पुण्याहून नातेवाइकांचे फोन येतात, 'आमच्या पोरीशी जरा बोल ना, तू तर आता सर्टिफाइड.' मी मावशी म्हणून बोलते, थेरपिस्ट म्हणून नाही, आणि तिकडच्या कुणाकडे जायचं ते शोधून देते. यावर एक चुलत नणंद अजून रुसलेली आहे.

दुसरं म्हणजे आपला समाज इथे लहान. गणपतीच्या आरतीला क्लायंट समोर उभी असते. पहिल्याच सत्रात मी विचारून ठेवते की बाहेर भेटलो तर काय करायचं. मी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर बोलेन. मंडळाच्या कार्यकारिणीत यायला मी नकार दिला तोही याच कारणासाठी, आणि कारण सांगता येत नसल्यामुळे मी शिष्ट ठरले आहे.

यापुढे दर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी ३६ तासांचं शिक्षण. सुपरव्हायझर व्हायचं तर मागच्या पाच वर्षांतली किमान दोन वर्षं लायसन्स असावं लागतं, वर १५ तासांचा कोर्स. म्हणजे मला २०२७ च्या जूनपासून होता येईल. सनीव्हेलमधली एक नागपूरची मुलगी पुढच्या वर्षी पदवी घेते आहे. तिनं आत्ताच विचारून ठेवलंय, 'ताई, मराठी सत्रं ऐकाल ना?' तिला सांगितलंय की तोवर पहिला सुपरव्हायझर शोध, लाइव्ह स्कॅन आधी कर, आणि शुक्रवारची सही शुक्रवारीच घे.